जांभ्याचे पाणी, काळ्या मातीचे पाणी

बेळगाव आणि निपाणी यांच्यामधले अंतर महामार्गाने पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास भरते. परंतु पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर ही दोन वेगळ्या मुलखांतली गावे आहेत. सह्याद्रीच्या कुशीतला खानापूर-बेळगावचा पट्टा तांबड्या जांभ्याचा असून तेथील मुसळधार पावसाने जमिनीतला चुना आणि इतर विद्राव्य क्षार युगानुयुगे धुऊन नेले आहेत, आणि त्यामुळे त्या भागातील झऱ्यांचे व विहिरींचे पाणी सामान्यतः हलके असते. तेथून उत्तरेला निपाणी-चिकोडीकडे सरकावे तसतसा पाऊस उणावत जातो, बेसाल्ट खडकापासून झालेली काळी जमीन लागते, तिच्यात चुनखडीचे खडे सापडू लागतात आणि विहिरीचे पाणी 'जड' होते, म्हणजे ज्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही असे होते. स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या ओळखला गेलेला हा भेद पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटशी, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात मुरल्यावर तयार होणाऱ्या एका क्षाररूपाशी, बांधलेला आहे. आणि या पाण्यांत वाढणाऱ्या शेवाळाचा इतिहास समजून घ्यायचा तर याच भेदापासून आरंभ करावा लागतो.

शेवाळ हा शब्द मराठीत ढोबळ अर्थाने वापरला जातो. पावसाळ्यात पायरीवर पाय घसरवणारा बुळबुळीत थर, विहिरीच्या कडेला तरंगणारे हिरवे तंतू आणि उन्हाळ्यात तळ्याच्या पृष्ठभागावर येणारी साय, या सर्वांना तो लागू होतो, आणि सीमाभागातील कन्नड बोलणारा शेजारी त्यालाच 'पाची' म्हणतो. वनस्पतिशास्त्रात मात्र या एका नावाखाली परस्परांपासून फार दूरची घराणी येतात. त्यांत खरे हिरवे शेवाळ आहे, सिलिकेचे कवच असलेले डायॅटम आहेत, आणि ज्यांना नील-हरित शेवाळ म्हणतात ते प्रत्यक्षात जिवाणूंचे एक प्राचीन कूळ आहे. या सर्वांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे प्रकाश शोषून घेणारी रंगद्रव्ये. हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, सर्वांत असते. पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये त्याच्या जोडीला असतात. आणि नील-हरित शेवाळात फायकोसायनिन नावाचे निळे प्रथिन असते. घाटमाथ्यावरच्या झाडांच्या खोडांवर आणि जांभ्याच्या भिंतींवर पावसाळ्यानंतर दिसणारा नारिंगी-तांबडा थर पुष्कळदा ट्रेंटेपोहलिया या शेवाळाचा असतो, आणि हे शेवाळ जातीने हिरवे असूनही कॅरोटिनच्या साठ्यामुळे तांबडे दिसते. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला रंगद्रव्यांचा हा व्यवहार वेगळ्या वाटेने ठाऊक आहे, कारण कापलेले पान उन्हात वाळताना त्यातले हरितद्रव्य मोडते, दडलेला पिवळा रंग वर येतो, पुढे तपकिरी छटा चढते आणि त्या छटेवर भाव ठरतो.

या भागात साठवलेल्या पाण्याचा इतिहास मोठा आहे. वेणुग्राम या नावाने जुन्या लेखांत येणाऱ्या बेळगावात रट्ट राजवटीत, तेराव्या शतकाच्या आरंभी, किल्ला उभा राहिला. आदिलशाहीत तो अधिक बळकट झाला. आणि त्याच्याभोवतीचा रुंद, पाण्याने भरलेला खंदक हा त्याच्या संरक्षणाचा मुख्य आधार ठरला. मार्च-एप्रिल १८१८ मध्ये टॉमस मन्रो यांच्या फौजेने सुमारे तीन आठवडे वेढा घालून हा किल्ला घेतला आणि त्यानंतर खंदकाचे लष्करी प्रयोजन हळूहळू संपत गेले. किल्ल्याशेजारचा तलाव, जो आज कोटेकेरे या कन्नड नावाने अधिक ओळखला जातो, कपिलेश्वर मंदिराजवळचे तळे आणि गावोगावची लहान तळी ही सर्व वाहत्या नव्हे तर साचलेल्या पाण्याची ठिकाणे होती, आणि साचलेले पाणी हेच शेवाळाचे खरे घर असते. निपाणीच्या नावाची फोड लोक 'पाणी नसलेली' अशी करतात. ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, पावसाचे पाणी अडवून वर्षभर पुरवण्याची जी निकड या गावाला होती तिचे प्रतिबिंब त्या फोडीत पडले आहे, आणि जवाहर तलाव व पुढे वेदगंगेवरून आणलेले पाणी ही त्याच निकडीची अलीकडची उत्तरे आहेत.

या तळ्यांच्या निगराणीत एक रीत अशी होती की तिचे शास्त्रीय मोल फार उशिरा लक्षात आले. दख्खनच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मुलखांत उन्हाळ्यात तळे आटले की त्याच्या तळाचा गाळ, ज्याला कन्नडमध्ये 'हूळ' म्हणतात, उपसून बैलगाड्यांनी शेतात नेऊन टाकला जाई. शेतकऱ्याच्या लेखी ते खत होते आणि गावाच्या लेखी तळ्याची खोली राखण्याचे काम होते. परंतु शेवाळाच्या बाजूने पाहिले तर हा व्यवहार आणखी खोल होता, कारण शेवाळ पाण्यातले फॉस्फरस आणि नायट्रोजन शोषून वाढते, मरून तळाशी बसते आणि पुढच्या वर्षी त्याच तळातून ती मूलद्रव्ये पुन्हा पाण्यात येतात; गाळ उपसणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या शेवाळाचे अन्न तळ्यातून काढून पिकाला देणे होते. बेळगावला राकसकोप जलाशयाचे आणि नंतर हिडकलचे पाणी नळाने मिळू लागले, तशी गावातल्या तळ्यांवरची रोजची गरज उरली नाही. गरज संपल्यावर गाळ उपसण्याचा आग्रह सैल झाला. आणि पिण्याच्या पाण्याची जागा असलेली तळी हळूहळू सांडपाणी, निर्माल्य आणि विसर्जनाच्या मूर्ती यांची जागा झाली.

शेवाळाची शास्त्रीय नोंद पश्चिम भारतात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाली. मुंबईत शल्यवैद्य म्हणून काम करणारे हेन्री जॉन कार्टर यांनी १८५० च्या दशकात मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातील सूक्ष्म जीवांचे वर्णन केले आणि १८५८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्याजवळ समुद्राचे पाणी तांबडे करणाऱ्या रंगद्रव्यावर टिपण प्रसिद्ध केले. पाण्याच्या रंगाचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली शोधण्याचा या किनाऱ्यावरील हा आरंभीचा प्रयत्न होता. १८९२ मध्ये टर्नर यांचा भारतातील गोड्या पाण्यातील शेवाळांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव खंड १८८४ चा आहे. सरकारी नोंदीला पाणी दिसले ते सिंचन आणि सारा यांच्या अंगाने, त्याचा रंग हा तिचा विषय नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनुसार बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका मुंबई राज्याकडे राहिला. नद्यांनी ही रेषा जुमानली नाही. आंबोलीच्या डोंगरातून निघणारी हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लज ओलांडून संकेश्वरकडे येते, वेदगंगा भुदरगड-मुरगूडकडून निपाणीच्या बाजूला उतरून दूधगंगेला मिळते, आणि घटप्रभेचे पाणी दोन्ही राज्यांतून गोळा होऊन हिडकलला साठते. शेवाळाचा अभ्यास मात्र विद्यापीठांच्या कार्यक्षेत्राप्रमाणे विभागला गेला. एन. डी. कामत यांनी कोल्हापूरच्या शेवाळांची विस्तृत सूची १९६३ मध्ये 'हायड्रोबायोलॉजिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील एस. जी. भारती आणि जी. आर. हेगडे यांनी १९८२ च्या सुमारास कर्नाटक व गोव्यातील डेस्मिडांवर लेखमाला लिहिली. डेस्मिड ही हिरव्या शेवाळाची एक देखणी जात असून तिच्या बहुतेक पेशी मधोमध चिमटलेल्या, दोन समान अर्धांच्या असतात, आणि ती हलक्या, किंचित आम्लधर्मी पाण्यात सर्वाधिक विविधतेने आढळते. जांभ्याचे पाणी तिला का मानवते आणि काळ्या मातीच्या जड, अल्कधर्मी पाण्यात नील-हरित शेवाळाला अधिक वाव का मिळतो, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे सूत्र कार्बनपाशी पोहोचते.

शेवाळ आणि वायू यांचे नाते युरोपात अठराव्या शतकाच्या शेवटी उलगडू लागले. जोसेफ प्रीस्टली यांना भांड्यातल्या पाण्यात आपोआप उगवलेला एक हिरवा पदार्थ शुद्ध हवेचे बुडबुडे सोडताना दिसला, आणि १७७९ मध्ये यान इंगेनहाऊझ यांनी ही क्रिया फक्त प्रकाशातच घडते हे दाखवून दिले. तो हिरवा पदार्थ म्हणजे शेवाळच होते. १८१७ मध्ये पेल्टिए आणि काव्हाँतू यांनी पानांतील हिरव्या द्रव्याला क्लोरोफिल हे नाव दिले. १८८२ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी लोलकातून फाकलेला प्रकाश शेवाळाच्या तंतूवर टाकला आणि प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू तांबड्या व निळ्या प्रकाशाच्या पट्ट्यांत गोळा होतात हे पाहून कोणता रंग कामी येतो ते सिद्ध केले. कार्बन डायऑक्साइडपासून साखर कशी बनते याचा मार्गही शेवाळानेच दाखवला: मेल्विन काल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलीमध्ये क्लोरेला व सेनेडेस्मस या शेवाळांना किरणोत्सारी कार्बन देऊन त्या मार्गाच्या पायऱ्या शोधल्या आणि १९६१ मध्ये काल्विन यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या मार्गाच्या पहिल्याच पायरीवर रुबिस्को नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, बसलेले असते आणि ते संथही आहे आणि चुकणारेही, कारण कार्बन डायऑक्साइड कमी पडला की ते प्राणवायूला पकडते व पेशीची मेहनत वाया घालवते. पाण्यात ही अडचण वाढते, कारण हवेच्या तुलनेने पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. बहुतेक शेवाळांनी यावर उपाय शोधला तो कार्बन साठवणाऱ्या यंत्रणेचा, जिचा पुरावा १९८० मध्ये बॅजर, कॅप्लन आणि बेरी यांनी क्लॅमिडोमोनास या एकपेशी शेवाळावर मांडला: पेशी ऊर्जा खर्चून पाण्यातले बायकार्बोनेट आत ओढते, विकराच्या साह्याने त्याचा कार्बन डायऑक्साइड करते आणि तो रुबिस्कोच्या आजूबाजूला दाटवते. जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असल्याने अशी यंत्रणा असलेल्या शेवाळाला कार्बनची वाण फारशी भासत नाही. हलक्या पाण्यात बायकार्बोनेटचा साठा तोकडा असतो आणि पेशीला हवेतून विरघळून येणाऱ्या वायूवर अधिक विसंबावे लागते. शेवाळ दाट झालेल्या तळ्यात दुपारपर्यंत कार्बन डायऑक्साइड संपतो, पाण्याची अल्कता चढते आणि रात्री श्वसनामुळे वायू परत साठून ती उतरते. हे रोजचे चढउतार हलक्या पाण्यात अधिक तीव्र असतात, कारण ते थोपवून धरणारे क्षार त्यात थोडे असतात.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली तेव्हा हे प्रमाण ३१५ च्या आसपास होते आणि आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. हवेत वायू वाढला की पाण्यातही वाढतो, आणि त्याचा पहिला परिणाम असा संभवतो की शेवाळाला कार्बन ओढून घेण्यावर पूर्वीइतकी ऊर्जा खर्चावी लागत नाही; प्रयोगशाळेत अनेक जाती अशा स्थितीत आपली साठवण यंत्रणा मंद करतात आणि वाचलेली ऊर्जा वाढीकडे वळवतात. रंगद्रव्यांचा हिशोब मात्र इतका सरळ नाही. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमभोवती नायट्रोजनचे चार अणू असतात, आणि फायकोसायनिन हे तर प्रथिनच असल्याने त्याला नायट्रोजन फार लागतो. कॅरोटिनॉइडांना नायट्रोजन लागतच नाही. कार्बन वाढला आणि नायट्रोजन तेवढाच राहिला तर पेशीतला कार्बन-नायट्रोजनचा तोल बिघडतो, आणि तेव्हा कित्येक जातींत प्रत्येक पेशीमागे हरितद्रव्य घटते, पिष्ट व तेल साठते आणि पिवळ्या द्रव्यांचे प्रमाण तुलनेने चढते. नायट्रोजनची उपासमार झालेले नील-हरित शेवाळ तर आपले निळे प्रथिनच मोडून खाते आणि पिवळसर पडते. नायट्रोजन मुबलक असेल तेव्हा उलट घडून रंगद्रव्ये आणि वाढ ही दोन्ही बरोबरीने वाढू शकतात. शेवाळ फिकट झाले म्हणून ते घटले आणि गडद झाले म्हणून ते वाढले, असे अनुमान यामुळे घाईचे ठरते.

शेवाळाच्या वाढीचा लगाम कार्बनच्या हाती आहे की फॉस्फरसच्या, या प्रश्नावर उत्तर अमेरिकेत १९७० च्या सुमारास मोठा वाद झाला. त्याचा निकाल कॅनडातील प्रायोगिक सरोवर क्षेत्रात लागला. तेथील २२७ क्रमांकाच्या सरोवराचे पाणी हलके होते आणि त्यात विरघळलेला कार्बन अगदी थोडा होता; डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने १९६९ पासून त्यात फॉस्फरस व नायट्रोजन घालायला सुरुवात केली, आणि कार्बन तुटपुंजा असूनही सरोवर दाट हिरवे झाले, कारण लागणारा कार्बन पाण्याने हवेतून ओढून घेतला. कार्बनची कमतरता वाढीचा वेग काही काळ रोखू शकते, परंतु शेवाळाचे एकूण पीक किती येणार हे पाण्यात उतरणारा फॉस्फरस ठरवतो, हा या प्रयोगाचा धडा होता.

हा धडा बेळगाव-निपाणी पट्ट्याला जसाच्या तसा लागू पडतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, नदीकाठी उसाचा पट्टा पसरला, रासायनिक खतांचा वापर वाढला, घराघरांत कपडे धुण्याच्या पावडरी आल्या आणि शहरांचे सांडपाणी जवळच्या नाल्यांत सोडले जाऊ लागले; बेळगावच्या भातशेतीतून जाणारा बळ्ळारी नाला हे त्याचे रोज दिसणारे उदाहरण आहे. त्याच भातखाचरांत मात्र शेवाळ उपकारकही ठरते. पी. के. डे यांनी १९३९ मध्ये भातखाचरांतील नील-हरित शेवाळ हवेतला नायट्रोजन जमिनीला मिळवून देते हे दाखवले, पुढे बनारसमध्ये रामनगिना सिंह यांनी त्याचा शेतीसाठी उपयोग कसा होईल याचा पाठपुरावा केला, आणि येळ्ळूर-वडगावच्या बाजूचा भात पिकवणारा शेतकरी खाचरात पाणी तुंबवून ठेवतो तेव्हा तो नकळत या शेवाळालाही जागा देत असतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात शेवाळाच्या शेतीचे प्रयोग झाले. स्पिरुलिना या नील-हरित जातीला अल्कधर्मी, बायकार्बोनेटयुक्त पाणी मानवते, आणि तिच्यातले फायकोसायनिन आज खाद्यपदार्थांना निळा रंग देण्यासाठी विकले जाते. ज्या कार्बनवर तळ्यातले शेवाळ माजते त्याच कार्बनवर हौदातले शेवाळ पोसून बाजारात नेता येते, आणि या दोहोंत भेद पडतो तो पाण्यात आणखी काय आणि कोणाच्या हातून पडते यामुळे.

या सर्वांवरून या भागापुरता निष्कर्ष असा निघतो की वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम दोन्ही पाण्यांवर सारखा होणार नाही. खानापूर-बेळगावच्या हलक्या पाण्यात विरघळणारा जादा वायू आम्लता व कार्बनपुरवठा या दोहोंत तुलनेने मोठा फरक पाडू शकतो आणि तेथील डेस्मिडांसारख्या नाजूक घराण्यांना तो आधी जाणवेल. निपाणी-चिकोडीच्या जड पाण्यात बायकार्बोनेटचा जुना साठा तो फरक बराचसा झाकून टाकेल. परंतु दोन्हीकडे तळे हिरवे होईल की स्वच्छ राहील हे ठरवणारा पहिला घटक हवा नसून सांडपाणी, खत आणि न उपसलेला गाळ हाच राहील. हवेचा ताळेबंद सुधारणे कोणत्याही एका गावाच्या हाती नाही. गाळाचा ताळेबंद मात्र पूर्वी गावानेच सांभाळला होता आणि तो आजही गावाच्याच आवाक्यातला आहे.

त्याच्या जोडीला नोंदीची गरज आहे. कामत यांची सूची आणि भारती-हेगडे यांची लेखमाला कोणत्या जाती येथे राहतात हे सांगतात. त्या जातींचा रंग आणि वाढ कशी बदलते हे कळायचे तर एकाच जागी, एकाच महिन्यात, वर्षानुवर्षे मोजणी व्हावी लागते. मौना लोआच्या आलेखाचे सामर्थ्य एकाच ठिकाणी सहा दशकांहून अधिक काळ मोजत राहण्यात आहे. बेळगाव, निपाणी आणि चंदगडच्या महाविद्यालयांनी कोटेकेरे, जवाहर तलाव आणि राकसकोप या तीन पाण्यांची अल्कता, हरितद्रव्य आणि फॉस्फरस यांची नोंद दर वर्षी एका समान वहीत ठेवावी; त्यासाठी लागणारी उपकरणे साध्या प्रयोगशाळेत असतात, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे पाणी एका वहीत मांडायला कोणत्याही आयोगाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.